प्लास्टरची टेकडी

गणपतीच्या आधी महिनाभर पुण्यात रस्त्याकडेला मांडव पडतात आणि त्यांत पांढऱ्याफेक मूर्ती रंगाची वाट बघत ओळीने उभ्या राहतात. विकणारा ‘पीओपी आहे’ म्हणतो, घेणारा ‘शाडूची नाही का?’ विचारतो. यातला शेवटचा ‘पी’ पॅरिसचा, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण पॅरिसात नेमका कुठला, असं सहसा कुणी विचारत नाही. तो पत्ता आहे मोंमार्त्र. शहराच्या उत्तरेची, समुद्रसपाटीपासून १३० मीटर उंचीची ही टेकडी आज जगभर चित्रकारांची टेकडी म्हणून ओळखली जाते. चित्रकारांचा तिथला बहराचा काळ मोजला तर पन्नासेक वर्षांचा भरेल. प्लास्टरचा दगड मात्र तिथून शतकानुशतकं निघत होता.

आपल्याकडच्या सहलीत मोंमार्त्रला बहुधा दोन तास मिळतात. मेट्रोने आँव्हेर स्टेशनला उतरायचं, रुळांवरच्या झुकत्या डब्यात बसून वर जायचं, पांढऱ्या चर्चसमोर फोटो काढायचे, शेजारच्या चौकात चित्रकार बघायचे, फ्रिजला लावायचं चुंबक घ्यायचं आणि आल्या वाटेने उतरायचं. पाहण्यासारखं काहीतरी यात दिसतंच, नाही असं नाही. पण या वाटेने गेलं की टेकडीवर काय बांधलंय तेवढंच दिसतं, तिच्या पोटातून काय काढलंय ते कळत नाही. आणि मोंमार्त्रची सगळी गंमत काढलेल्यात आहे.

म्हणून सुरुवात पश्चिमेकडून करावी. मेट्रोच्या २ नंबरच्या मार्गावर ‘ब्लांश’ नावाचं स्टेशन आहे. ब्लांश म्हणजे पांढरी. खाणीतून भरून निघालेल्या गाड्या या चौकातून शहरात शिरत आणि त्यांच्यातून सांडलेल्या भुकटीने चौक पांढरा होई, तेच नाव चिकटलं. आज तिथे लाल पवनचक्की लावलेलं ‘मुलँ रूज’ हे नाचगाण्याचं थिएटर उभं आहे आणि पांढऱ्याचा मागमूस नाही. ते १८८९ साली उघडलं आणि दोन वर्षांनी चित्रकार तूलूझ-लोत्रेकने त्याचं जाहिरातीचं भित्तिपत्रक दगडी छपाईवर केलं. चुनखडीचा सपाट दगड, त्यावर तेलकट खडूने रेखाटन, दगड ओला केला की शाई फक्त तेलकट जागी धरते, अशी ती रीत. पुणेकरांना ती तेव्हा नवी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची चित्रशाळा १८७८ पासून देवादिकांची आणि पेशव्यांची चित्रं याच रीतीने छापत होती.

आता दगडाकडे येऊ. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याच्या कणाकणात पाण्याचे दोन रेणू बांधलेले. दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि उरते ती पांढरी भुकटी, म्हणजेच प्लास्टर. तिला पाणी परत दिलं की ती ते अधाशासारखी पिते, गरम होते आणि दहा-वीस मिनिटांत पुन्हा दगड होते. घट्ट होताना ती किंचित फुगते, आक्रसत नाही. साच्यातली मुकुटावरची बारीक नक्षीसुद्धा तिच्यात स्वच्छ उठते ती यामुळे. शाडू वाळताना आक्रसतो आणि घाई केली तर तडकतो. कारखान्यांना पीओपी का आवडतं याचं निम्मं उत्तर इथे आहे, उरलेलं निम्मं वजनात आणि किमतीत. बिघडतं ते कालवताना. नेहमी पाण्यात प्लास्टर घालावं, प्लास्टरवर पाणी ओतू नये. नाहीतर तळाशी कोरड्या गाठी राहतात. साधारण शंभर भाग भुकटीला साठ-सत्तर भाग पाणी लागतं. जोरात घोटलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि मूर्तीच्या नाकावर नेमका खळगा निघतो. पातेल्यात आधीच्या खेपेचा चिकटलेला थर असेल तर नवीन माल हातातच आवळतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली गोणी हवेतली ओल पिऊन आधीच अर्धी मेलेली असते. तिचं ओतकाम ठिसूळ येतं. मोठ्या मूर्तीत काथ्या प्लास्टरमध्ये बुचकळून आतून लावतात. तो नसेल तर हात खांद्याशी मोडतो.

पॅरिसला हे प्लास्टर भिंतींसाठी हवं होतं. १६६६ साली लंडन जळालं आणि पुढच्याच वर्षी चौदाव्या लुईने हुकूम काढला, लाकडी घरांना आतून-बाहेरून प्लास्टरचा लेप द्या. प्लास्टर आगीला दाद देत नाही, कारण त्यात बांधलेलं पाणी आधी उडावं लागतं आणि तेवढा वेळ आतलं लाकूड वाचतं. शहर पांढरं होत गेलं, टेकडी पोखरत गेली. कामगार मधे जाडजूड खांब सोडून देवळाच्या गाभाऱ्याएवढ्या उंच पोकळ्या काढत. याच खाणींत सापडलेल्या हाडांवरून क्युव्हिएने पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या प्राण्यांचं शास्त्र उभं केलं, तो वेगळाच विषय. १८६० साली मोंमार्त्र पॅरिसला जोडलं गेलं, त्या सुमारास खाणी बंद झाल्या.

वेताळ टेकडीवरची जुनी खाण आठवा. काळ्या दगडात खोदलेला खड्डा, त्यात पाणी साठतं, म्हशी डुंबतात, आणि पाण्याने दगडाचं काही बिघडत नाही. जिप्समचं तसं नाही. एका लिटर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. वरकरणी हे काहीच नाही, पण झिरपणाऱ्या पाण्याला घाई नसते. सोडलेले खांब बारीक होत जातात, छत थराथराने गळतं, पोकळी वर सरकत जाते आणि एका सकाळी रस्त्यात विहिरीसारखं भोक पडतं. फ्रेंचमध्ये त्याला ‘फोंती’ म्हणतात. अशा जमिनीवर श्रीमंत माणूस हवेली बांधत नाही. तिथे लाकडी घरं, झोपड्या, भाजीचे वाफे आणि द्राक्षमळे राहिले, आणि भाडी स्वस्त राहिली. बाकी कारणं पुढे येतीलच, पण हे पायातलं.

दुसरं कारण पुणेकराला एका शब्दात कळेल: जकात. १८६० पर्यंत पॅरिसभोवती जकातीची भिंत होती. आजचं क्लिशी बुलेव्हार आणि त्याच्या पोटातून जाणारी २ नंबरची मेट्रो त्या भिंतीच्या रेषेवरूनच जातात. भिंतीच्या आत वाइनवर कर, बाहेर नाही. आपल्याकडे २०१३ पर्यंत नाके होते तेव्हा नाक्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या भावातला फरक लोक बरोबर सांगत. तसंच तिथलं. रविवारी अख्खं शहर भिंत ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी प्यायला आणि नाचायला यायचं. भिंत पडली तरी सवय राहिली. थोडक्यात, खोली स्वस्त, दारू स्वस्त, आणि वर उजेड मोकळा. ज्याच्या चित्रांना गिऱ्हाईक नाही त्याला आणखी काय हवं असतं!

ब्लांशहून वर निघतो तो र्‍यू लपिक. सुरुवातीला भाजी, चीज, मासळीची दुकानं. आबेसच्या नाक्यावर रस्ता डावीकडे वळतो आणि टेकडीला वेढा घालत चढतो. हा वेढा बैलगाडीचा चढ आहे. सरळ पायऱ्या माणसांसाठी, वळसा मालासाठी. ५४ नंबरच्या घरात व्हिन्सेंट व्हॅन गॉग भावाकडे, थिओकडे, १८८६ ते १८८८ राहिला. आत जाता येत नाही. दारावरची पाटी वाचायची आणि पुढे व्हायचं. त्याच्या रंगांचा पत्ता मात्र पायथ्याशी आहे, क्लोझेल रस्त्यावर, तांगी नावाच्या म्हाताऱ्या रंगविक्याच्या दुकानाचा. हा गृहस्थ पैसे नसणाऱ्यांना रंगाच्या नळ्या उधारीवर देई आणि बदल्यात चित्रं ठेवून घेई. कलेच्या इतिहासात पुढारी, समीक्षक वगैरे पुष्कळ येतात. उधारीची वही ठेवणाऱ्याचा पुतळा अजून व्हायचाय.

आणखी वर दोन पवनचक्क्या. एके काळी टेकडीवर डझनाने होत्या, आता ‘ब्ल्यूत-फँ’ आणि ‘रादे’ या दोनच उरल्या. ‘ब्ल्यूत-फँ’ १६२२ ची. दळणवाले पिठाच्या जाड पोळ्या भाजून विकत, त्यांना ‘गालेत’ म्हणत. पोळीसोबत आधी दूध, मग वाइन, मग नाचाचा चौथरा, असा धंदा वाढला आणि ‘मुलँ द ला गालेत’ नाव पडलं. १८७६ साली रनुआरने तिथल्या रविवारच्या नाचाचं मोठं चित्र काढलं, सव्वाचार फूट उंच आणि पावणेसहा फूट रुंद. ते आता ओर्से संग्रहालयात आहे. मुक्काम जवळच्या र्‍यू कोर्तोवर असल्याने कॅनव्हास मित्र उचलून नेत, असं त्यातल्याच एकाने लिहून ठेवलंय. त्या आकाराचा कोरा कॅनव्हास वाऱ्यात धरून चालणं म्हणजे शीड धरून चालणं. टेकडीवर पवनचक्क्या होत्या याचा अर्थ वारा कायमचा होता, हे लक्षात घेतलं की मित्रांची कीव येते.

रादेपासून थोडं मागे-खाली उतरलं की एमिल-गुदो नावाचा झाडांचा छोटा चौक लागतो. १३ नंबर हे ‘बातो-लाव्हार’. लाव्हार म्हणजे धुणी धुण्याची जागा, बातो म्हणजे नाव. सेन नदीत धोबिणींच्या नावा असत तशी ही लाकडी, करकरणारी इमारत म्हणून हे टोपणनाव. इथे लोक फसतात. चौकातून दिसतो तो बुटका दर्शनी भाग, ‘एवढंच?’ म्हणून माणूस वळतो. इमारत उतारावर होती, चौकाच्या पातळीला तिचा वरचा मजला यायचा आणि बाकीचे मजले मागे खाली उतरत जायचे. आत शिरायचं आणि जिना खाली जायचा! पाण्याचा नळ सगळ्यांत मिळून एक. हिवाळ्यात कपात उरलेला चहा सकाळपर्यंत गोठलेला असे. १९०४ ते १९०९ पिकासो इथे राहिला आणि १९०७ साली पाच बायकांचं ते प्रसिद्ध चित्र, आठ फूट उंच, इथेच केलं. ते आज न्यूयॉर्कला आहे. लाकडी इमारत मे १९७० मध्ये जळाली आणि १९७८ साली त्या जागी काँक्रीटची झाली. तिच्यात अजूनही चित्रकारांच्या खोल्या आहेत, पण पर्यटकांना प्रवेश नाही. बघण्यासारखी एक काचेची खिडकी आणि तिच्यातले जुने फोटो. तरीही इथे दहा मिनिटं थांबावं, चौकाच्या कठड्याशी जाऊन मागचा उतार बघावा. खोल्यांचं भाडं का परवडायचं ते तिथे समजतं.

मोंमार्त्रचा सगळ्यात खरा चित्रकार कोण, यावर वाद घालता येतो. आमचं मत मोरिस उत्रियोला. पिकासो आला आणि गेला. उत्रियो इथेच जन्मला. आई सुझान व्हालादों आधी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसायची आणि बघता बघता स्वतःच चित्रकार झाली. उत्रियोच्या १९०९ ते १९१४ च्या सुमाराच्या चित्रांना ‘पांढरा काळ’ म्हणतात. गल्ल्या, भिंती, पायऱ्या, माणूस जवळजवळ नाहीच. भिंती रंगवताना तो जस्ताच्या पांढऱ्या रंगात चक्क प्लास्टर मिसळायचा. हे वेड होतं, पण त्यात शहाणपण होतं. नुसतं प्लास्टर किंवा खडू तेलात कालवला तर पांढरा राहत नाही. त्याचा आणि जवसाच्या तेलाचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळपास सारखा, त्यामुळे भुकटी तेलात जणू दिसेनाशी होते आणि उरतो मळकट पिवळट लगदा. खिडकीच्या काचा बसवायची पुट्टी अशीच होते. पांढरेपणा जस्त देतं, प्लास्टर देतं ते अंग: खरखरीत, मॅट, थोडं ओबडधोबड, गिलावा दिल्यासारखं. म्हणजे त्याने भिंतीचं चित्र भिंतीच्याच मालाने काढलं. ही चित्रं छापील पुस्तकात बघून काही कळत नाही. मूळ चित्राजवळ उभं राहून, उजेड कडेने पडत असताना, पृष्ठभागाकडे तिरकं बघावं लागतं.

पुण्याहून स्केचबुक घेऊन जाणारे आता पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. उताराची गल्ली काढताना हमखास चूक होते ती अशी, की घरांच्या खिडक्या आणि रस्त्याच्या कडा एकाच बिंदूकडे नेल्या जातात. मग चढ सपाट दिसतो. घरं कितीही उतारावर असली तरी त्यांच्या खिडक्यांच्या रेषा आडव्याच असतात, त्या डोळ्याच्या पातळीवरच्या बिंदूकडेच जातात. रस्ता मात्र आडवा नाही. वर चढणाऱ्या रस्त्याच्या कडांचा बिंदू त्याच्या थेट वर येतो, उतरणाऱ्याचा थेट खाली. उतरत्या गल्लीत डोळ्याची पातळी खालच्या घरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून जाते. ती रेष आधी हलकी ओढून घ्यावी, मग बाकीचं. पायऱ्या वरून बघताना फक्त पावलं ठेवायच्या सपाट पट्ट्या दिसतात, खालून बघताना उभे भाग ठळक होतात. सराव करायला पर्वतीच्या १०३ पायऱ्या उत्तम. सकाळी पायथ्याशी बसून एकदा आणि वर जाऊन एकदा काढाव्यात. रंगाचं म्हणाल तर आपल्या उन्हाची सवय तिथे नडते. ढगाळ आभाळाखाली पांढरी भिंत आभाळापेक्षा गडद असते. कागद कोरा सोडला तर भिंत कागदाचीच दिसते, तिच्यावर करड्या-पिवळ्याचा एक पातळ हात फिरवावाच लागतो.

प्लास द्यु तॅर्त्र, म्हणजे चित्रकारांचा चौक, याबद्दल थोडक्यात. महापालिकेचा परवाना असलेल्यांना इथे जेमतेम एक चौरस मीटर जागा मिळते, तीही दोघांत वाटून. मधला चौक उपाहारगृहांच्या खुर्च्यांनी भरलेला. व्यक्तिचित्र काढून घ्यायचं असेल तर शेजारी लावलेले नमुने बघू नयेत, ते बहुधा फोटोवरून निवांत केलेले असतात. समोर बसलेल्या गिऱ्हाईकाचं चाललेलं चित्र बघावं आणि पैसे आधी ठरवावेत. हातात पुठ्ठा घेऊन फिरत ‘तुमचा चेहरा फार छान’ म्हणत रेघा ओढायला लागतात ते परवान्याचे नव्हेत. चर्चखालच्या पायऱ्यांवर मनगटाला रंगीत दोरा बांधणारे भेटतात. आपल्याला धाग्याची सवय असल्यामुळे हात आपोआप पुढे होतो. हात खिशात ठेवावेत. एकदा गाठ बसली की पैसे द्यावेच लागतात.

पांढरं चर्च, साक्रे-कर, सगळ्यांच्या शेवटी आलं. काम सुरू झालं १८७५ साली, पुरं झालं १९१४ साली. त्याआधी १८ मार्च १८७१ ला याच टेकडीवरच्या तोफांवरून पॅरिसचं बंड पेटलं होतं, आणि चर्च त्या बंडाचं प्रायश्चित्त म्हणून बांधलं असं पुष्कळांना वाटलं, त्यामुळे अनेक पॅरिसकरांच्या मनात या इमारतीबद्दल अढी राहिली. ती बाजूला ठेवून पायाकडे बघावं. पोखरलेल्या जमिनीवर एवढं वजन टिकणार कसं? ८३ विहिरी खणल्या, तीस मीटरहून खोल, जिप्सम आणि माती ओलांडून पक्क्या थरापर्यंत, आणि त्या दगड-चुन्याने भरून त्यांच्यावर कमानी टाकल्या. म्हणजे चर्च टेकडीवर उभं नाहीच. ते खांबांवर उभं आहे आणि टेकडी नुसती भोवती आहे. दगड शातो-लांदोंचा, चुनखडीचा; पावसाने त्याच्यावर कॅल्साइटचा पातळ पांढरा थर धरतो, म्हणून धुराच्या शहरात तो काळवंडत नाही. पर्यटक हा पांढरा रंग टेकडीचाच समजतात. टेकडीचा पांढरा वेगळा होता, तो कॅल्शियम सल्फेटचा. हा कार्बोनेटचा, बाहेरून आणलेला.

रसायनाचा हा फरक पुण्यात उपयोगी पडला. पीओपीची मूर्ती पाण्यात महिनोन्महिने तशीच राहते, कारण ती पाण्यात गेली तरी जिप्समच. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उपाय दिला: बेकरीत वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट बादलीतल्या पाण्यात विरघळवून मूर्ती त्यात ठेवायची. सल्फेट अमोनियाशी जोडी जमवतं आणि झाडांना चालणारं खत होतं, कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. महापालिका गणेशोत्सवात ही भुकटी वाटते. मूर्तीच्या वजनाइतकी भुकटी धरावी, बादलीचं तोंड घट्ट बंद करू नये कारण वायू सुटतो, आणि अधूनमधून ढवळावं. लहान मूर्ती दोन-तीन दिवसांत विरते. रंगाचा पापुद्रा आधी हाताने काढून घेतला तर लवकर. म्हणजे टेकडीचा दगड पुण्यातल्या बादलीत शेवटी चर्चच्या दगडाच्या जातीचा होतो.

चर्चच्या मागून र्‍यू कोर्तोवर यावं. १२ नंबरला मोंमार्त्रचं संग्रहालय आहे. रनुआरचा मुक्काम इथलाच, आणि पुढे व्हालादों आणि उत्रियो इथे राहिले. तिची खोली पुन्हा मांडून ठेवली आहे, उत्तरेच्या मोठ्या खिडकीसह. चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो कारण त्यात थेट ऊन येत नाही आणि दिवसभर सावल्या जागा सोडत नाहीत. मागच्या बागेतून खाली द्राक्षमळा दिसतो. तो प्राचीन वाटतो, पण १९३३ साली लावलाय, त्या तुकड्यावर इमारती होऊ नयेत म्हणून. उतार उत्तरेचा, म्हणजे द्राक्षाला चुकीचा. ऑक्टोबरात तोडणीचा उत्सव होतो आणि वाइनच्या बाटल्या धर्मादाय कामासाठी विकतात. चवीबद्दल पॅरिसकर सहसा बोलत नाहीत.

मळ्यासमोर ‘लापँ आजिल’ हा गाण्याचा जुना गुत्ता. तिथून र्‍यू दे सोलने सरळ खाली उतरायचं. सगळी वाट मिळून अडीच-तीन किलोमीटर, थांबत गेलं तर तीन तास. फरशीचे रस्ते ओले असले की गुळगुळीत तळव्याची चप्पल घसरते. गुडघे कुरकुरत असतील तर झुकता डबा वापरायला हरकत नाही. त्याच्या शेजारच्या २२२ पायऱ्या वाचतात आणि शहराचा पास त्याला चालतो. आबेस स्टेशनवर मात्र भित्तिचित्रं बघायच्या मोहाने गोल जिना धरू नये. फलाट ३६ मीटर खोल आहे, रूळ पायथ्याच्या पातळीवर राहिले आणि वरची जमीन चढत गेली म्हणून. लिफ्टची रांग परवडते.

परतीसाठी लामार्क-कोलँकूर हे स्टेशन गाठावं. दोन जिन्यांच्या मधोमध, उताराच्या पोटात त्याचं दार आहे. इथून १२ नंबरची गाडी टेकडीखालून जाते, आबेस, पिगाल घेत नदी ओलांडते आणि थेट मोंपार्नासला पोचते. ही लाइन १९१० ते १९१२ या काळात तुकड्यातुकड्याने सुरू झाली. तोवर मोंमार्त्रची भाडी चढली होती, पिकासोने १९१२ सालीच मोंपार्नासला बस्तान हलवलं, आणि बाकीचेही एकेक करून रंगांच्या पेट्या घेऊन त्याच दिशेने गेले. गाडीत डावीकडे बसा किंवा उजवीकडे, बोगद्यात दिसायचं काही नाही; पण आबेस यायच्या आधी डोक्यावर पिकासोचा चौक, पवनचक्क्या आणि त्यांच्याखालच्या बुजवलेल्या खाणी असतात.